करार मोडणारा बिल्डर आणि कायद्याची दारे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बांधकाम चालू असलेल्या इमारतीत सदनिका नोंदवणारा माणूस आपण घर विकत घेत आहोत अशा समजुतीत असतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर तो बिल्डरला कर्ज देत असतो. हे कर्ज मोठे विलक्षण असते. त्याला तारण नाही, व्याज नाही, आणि फेडीची मुदत व्यवहारात कर्ज घेणाऱ्यानेच ठरवायची. कोणतीही बँक अशा अटींवर कोणाला दमडी देणार नाही. परंतु त्याच बँकेकडून गृहकर्ज काढून, त्याचे व्याज दरमहा पगारातून भरत, एखादा शिक्षक किंवा कारकून ती रक्कम बिनव्याजी बिल्डरच्या हवाली करतो. शहरांतील बांधकामाच्या धंद्याचे भांडवल बऱ्याच अंशी असे उभे राहते.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे करारभंगाचा विचार नीतिमत्तेच्या भाषेत न करता हिशेबाच्या भाषेत करता येतो. अमुक बिल्डर सज्जन की लबाड, हा प्रश्न गौण आहे. ताबा दोन वर्षे लांबवल्याने त्याला तोटा होतो की फायदा, हा खरा प्रश्न होय. फायदा होत असेल तर सज्जनही हळूहळू उशीर करू लागतात. तोटा होत असेल तर लबाडही वेळेवर किल्ल्या देतो.

या कसोटीवर जुना कायदा लावून पाहावा. मालकी सदनिकांच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा महाराष्ट्राचा कायदा 1963 साली झाला. त्या काळाच्या मानाने तो पुरोगामी होता. लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरने किमतीच्या 20 टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, ग्राहकांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा, मुदतीत ताबा दिला नाही तर पैसे व्याजासह परत करावेत, आणि उल्लंघन केल्यास तुरुंगवास भोगावा, हे सारे त्यात लिहिलेले होते. परंतु व्याजाचा दर होता 9 टक्के. ऐंशीच्या दशकात बँकांचे व्यापारी कर्ज 16 टक्क्यांच्या घरात गेले होते. म्हणजे बँकेकडे 16 टक्क्यांनी जाण्यापेक्षा ग्राहकाचा पैसा अडकवून ठेवणे आणि त्याने न्यायालयात जाऊन, वर्षानुवर्षे झगडून निकाल मिळवलाच तर 9 टक्क्यांनी फेडणे, हा बिल्डरच्या दृष्टीने शुद्ध शहाणपणाचा व्यवहार होता. कायद्यानेच करारभंग स्वस्त करून ठेवला होता, मग तो भरपूर झाला यात नवल काय?

छापील कराराची कथा याहून निराळी नाही. तो बिल्डरच्या वकिलाने तयार केलेला असतो, इंग्रजीत असतो, आणि ग्राहकाने फक्त सही करायची असते. सर्वोच्च न्यायालयापुढे 2019 साली आलेल्या एका प्रकरणातील करारात ग्राहकाचा हप्ता चुकला तर त्याने 18 टक्के व्याज द्यायचे आणि बिल्डरने ताबा चुकवला तर त्याने मात्र 9 टक्के, तेही बऱ्याच अटी पार पडल्यावर, अशी तरतूद होती. असा एकतर्फी करार म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा होय आणि तो ग्राहकावर बंधनकारक नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. ‘सही केली आहे, आता काय करणार’ असे म्हणत हताश बसलेल्या प्रत्येक कुटुंबाला कार्यकर्त्यांनी हा निर्णय समजावून सांगितला पाहिजे.

आता आजच्या कायद्याकडे वळू. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम संसदेने 2016 साली केला, आणि 1 मे 2017 पासून तो पूर्णतः अमलात येऊन महाराष्ट्रात त्याचे प्राधिकरण, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले महारेरा, काम करू लागले. या कायद्याने हिशेब थोडा तरी बदलला. 500 चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील किंवा आठांहून अधिक सदनिकांचा प्रकल्प नोंदवल्याशिवाय विकता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी व बांधकामासाठी खर्च करावी लागते. एका इमारतीच्या पैशांनी दुसऱ्या गावी जमीन घेण्याच्या जुन्या रीतीला त्यामुळे आळा बसावा, अशी अपेक्षा आहे. करार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

करारभंगाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ते कलम 18. करारातील तारखेला ताबा मिळाला नाही तर निवड ग्राहकाने करायची, बिल्डरने नव्हे. ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर सर्व रक्कम व्याजासह परत, शिवाय नुकसानभरपाईचा हक्क. त्याला घरच हवे असेल तर ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याच्या विलंबाचे व्याज. महाराष्ट्राच्या नियमांनुसार हा व्याजदर स्टेट बँकेच्या कर्जदराहून दोन टक्के अधिक असतो, आणि ग्राहकाने हप्ता चुकवला तर त्यालाही तोच दर लागतो. उदाहरणार्थ, एखाद्याने 50 लाख रुपये भरले असतील आणि दर दहा टक्के धरला, तर विलंबाच्या प्रत्येक महिन्यामागे 41 हजारांहून अधिक रुपये होतात. बिल्डर पुष्कळ सबबी सांगतात. वाळू मिळाली नाही, महापालिकेने परवानगी अडवली, न्यायालयाची स्थगिती आली. पैसे परत मागण्याचा हा हक्क अशा कोणत्याही सबबीवर अवलंबून नाही, तो बिनशर्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये स्पष्ट केले. निकालाविरुद्ध अपील करायचे असेल तर बिल्डरला ग्राहकाची देय रक्कम व्याजासह आधी भरावी लागते. केवळ वेळ काढण्यासाठी अपील करण्याची चैन त्यामुळे महाग झाली आहे.

दुसरे दार ग्राहक आयोगाचे. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 1993 साली दुरुस्ती होऊन गृहबांधणी ही ‘सेवा’ ठरली. त्याच वर्षी लखनऊ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी गृहनिर्माण संस्थांनाही या कायद्याखाली उत्तरदायी धरले. शासकीय मंडळे करार मोडत नाहीत असे मानण्याचे काही कारण नाही. सार्वजनिक मालकीचा कैवार घेणाऱ्यांनी तर हे अधिकच लक्षात ठेवावे. आज 2019 चा कायदा लागू आहे. घराची दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मात्र जो दोष दररोज चालूच आहे त्याला ही मुदत आड येत नाही. मुंबईच्या एका सोसायटीला 1997 साली ताबा मिळाला, पण भोगवटा प्रमाणपत्र बिल्डरने आणलेच नाही, आणि रहिवासी वर्षानुवर्षे वाढीव घरपट्टी व पाणीपट्टी भरत राहिले. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा सततचा भंग ठरवला आणि मुदत संपल्याची सबब फेटाळली. महाराष्ट्रात अशा बिनप्रमाणपत्राच्या इमारतींची वाण नाही.

महारेरा की ग्राहक आयोग, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. दोन्ही दारे उघडी आहेत, एकामुळे दुसरे बंद होत नाही, असे 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. निवड ग्राहकाची. परंतु एकाच मागणीसाठी दोन्हीकडे एकदम धावू नये. तारीख चुकली, व्याज हवे किंवा पैसे परत हवेत, एवढाच सरळ प्रश्न असेल तर महारेरा बरे. बांधकामाचा निकृष्टपणा, मनस्ताप, फसव्या जाहिराती असा गुंतलेला मामला असेल तर ग्राहक आयोगाचा विचार करावा. कराराच्या शेवटी लवादाचे कलम घातलेले असते त्याला घाबरण्याचे कारण नाही, कारण ते कलम ग्राहकाला आयोगापुढे जाण्यापासून अडवू शकत नाही. विलंबाच्या प्रश्नावर दिवाणी न्यायालयाचा मार्ग मात्र नव्या कायद्याने बहुतांशी बंद केला आहे.

तिसरे दार दिवाळखोरी संहितेचे. तेथे जपून पाऊल टाकावे. 2018 साली घरखरेदीदारांना या संहितेत वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला. प्रारंभी जे म्हटले, की ग्राहक हा वस्तुतः कर्ज देणारा असतो, ते कायद्याने अखेर मान्य केले. त्यावर बिल्डर मंडळी न्यायालयात गेली आणि 2019 साली हरली. पुढे 2020 साली अट आली, की एकाच प्रकल्पातील किमान 100 खरेदीदारांनी अथवा एकूण खरेदीदारांच्या दहा टक्क्यांनी, यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्यांनी, एकत्र येऊनच अर्ज करावा. परंतु दिवाळखोरीची कार्यवाही म्हणजे वसुली नव्हे. अर्ज दाखल करून घेतला गेला की कंपनीविरुद्धची इतर सर्व प्रकरणे स्थगित होतात, आणि महारेराचा हुकूम हाती असलेला माणूसही इतर धनकोंच्या रांगेत जाऊन बसतो. त्याचा धनकोचा दर्जा कायम राहतो असे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, एवढाच दिलासा.

पोलिसांत तक्रार करण्याचा मोह अनेकांना होतो. एकच सदनिका दोघांना विकली किंवा खोटी कागदपत्रे दाखवली असतील तर ती अवश्य करावी, मात्र तिच्यामुळे घर मिळेल अशी आशा धरू नये.

हे सारे ऐकल्यावर कोणालाही वाटेल की ग्राहकाचे राज्य आले. तसे ते आलेले नाही. बिल्डरने महारेराचा हुकूम पाळला नाही तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची असते. म्हणजे प्राधिकरणाने वसुलीचे अधिपत्र काढायचे आणि ते जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. तेथून तहसीलदार. तहसीलदाराच्या टेबलावर निवडणूक, अतिवृष्टीचे पंचनामे, जनगणना आणि इतर पन्नास कामे असतात. सात-बारावर बोजा चढवणे, मालमत्तेची जप्ती, लिलाव, हे सारे अधिकार त्याला आहेत. पण ज्या बिल्डरची मंत्रालयात ऊठबस आहे त्याच्या दारावर जप्तीची नोटीस लावायला कनिष्ठ महसूल अधिकारी सहजासहजी धजत नाही. अशा अधिपत्रांतील शेकडो कोटी रुपये महाराष्ट्रात थकत आले आहेत. वकील निकालापर्यंत सोबत असतो. निकालानंतर तहसील कचेरीत पाठपुरावा करणारे, बिल्डरच्या नावे कोणत्या गावी कोणती जमीन आहे याची माहिती गोळा करून देणारे, दर पंधरवड्याला लेखी विचारणा करणारे कोणी तरी लागते. हे काम पक्षाच्या कार्यकर्त्याला चांगले जमते, आणि एकट्यादुकट्या खरेदीदाराला मुळीच जमत नाही. कायद्याप्रमाणे खरेदीदारांचा संघ किंवा नोंदणीकृत ग्राहक संघटनाही तक्रार करू शकते. प्रकल्पाची नोंदणी संपुष्टात आली तर उरलेले बांधकाम पुरे करण्याचा प्रथम हक्क खरेदीदारांच्या संघाकडे जातो. ज्या प्रकल्पात संघच नाही तेथे हा हक्क कागदावरच राहतो.

इथपर्यंत चर्चा झाली ती पैसे देणाऱ्याची. परंतु बिल्डरशी करार करणारा आणखी एक वर्ग आहे. तो पैसे देत नाही, राहते घर देतो. चाळीतील भाडेकरू, झोपडपट्टीतील रहिवासी, जुन्या सोसायटीचे सभासद, अशी ही पुनर्विकासाची माणसे. त्यांच्यापाशी बिल्डरचे वचन असते: तीन वर्षांत नवे घर आणि तोपर्यंत दरमहा भाडे. हा करार मोडला तर काय?

गोरेगावच्या सिद्धार्थनगरची, म्हणजे पत्राचाळीची हकिकत सर्वांनी वाचलेली आहे, पण तिचा कायद्याचा भाग थोड्यांनीच पाहिला असेल. तेथे 672 कुटुंबे. 2008 साली रहिवाशांची सोसायटी, म्हाडा आणि विकासक कंपनी यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. रहिवाशांनी घरे रिकामी केली, चाळ पाडली गेली. काही वर्षांनी भाडे बंद झाले. नवी घरे तशीच अपुरी राहिली, आणि विक्रीच्या हिश्श्याचे हक्क मात्र दुसऱ्या बिल्डरांना विकले गेल्याचा आरोप झाला. 2017 साली एका बँकेच्या अर्जावरून विकासक कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. जानेवारी 2018 मध्ये म्हाडाने करार रद्द करण्याची नोटीस दिली आणि जमीन परत मागितली. जमीन कोणाची? म्हाडाची. करार कोणी मोडला? विकासकाने. तरीही फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की दिवाळखोरीची स्थगिती लागू असेतोवर कंपनीच्या कब्जात असलेली मालमत्ता मूळ मालकालाही परत घेता येणार नाही. बँकेचे कर्ज वसूल व्हावे म्हणून केलेल्या संहितेने चाळकऱ्यांच्या घरांचा मार्ग अडवून धरला. शेवटी 2022 साली अपुरे बांधकाम म्हाडाला स्वतःच हाती घ्यावे लागले. करारापासून तोवर 14 वर्षे लोटली होती.

महारेराच्या कायद्याचा सारा रोख विक्रीच्या सदनिकांवर आहे. विक्री ज्यात नाही असा पुनर्विकास नोंदणीतूनच वगळला आहे, आणि पुनर्वसनाच्या सदनिकेचा हक्कदार हा ‘खरेदीदार’ नव्हे अशीच प्राधिकरणाची सर्वसाधारण भूमिका राहिली आहे. एकाच आवारात दोन इमारती उभ्या राहतात. मागच्या इमारतीत जुने रहिवासी जायचे, पुढच्या उंच इमारतीत नवे खरेदीदार. बिल्डर एकच, विलंबही एकच. पुढच्या इमारतीतल्याला दरमहा व्याज मिळते. मागच्या इमारतीतला, ज्याच्या जमिनीवर हा सारा डोलारा उभा आहे, तो भाड्याच्या थकबाकीसाठी दारोदार फिरतो. कायद्याने रोख रक्कम ओळखली, घर ओळखले नाही. हा भेद दुरुस्त करावा, पुनर्वसनाच्या सदनिकाधारकाला कलम 18 चे संरक्षण द्यावे, ही मागणी पक्षाने विधिमंडळात आणि बाहेरही लावून धरली पाहिजे.

जोवर ती मान्य होत नाही तोवर आहेत ती हत्यारे वापरावी लागतील. जमीन देऊन बदल्यात बांधकामाचा हिस्सा घेणारा जमीनमालक हा बिल्डरचा भागीदार नसून ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली एका दिल्लीच्या प्रकरणात म्हटले. या निर्णयाचा आधार सोसायट्यांना घेता येतो. कराराची रीतसर नोटीस देऊन सोसायटी विकासकाला दूर करू शकते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने अशा सोसायट्यांच्या बाजूने निर्णय दिलेले आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनात काम न करणाऱ्या विकासकाला बदलण्याचा अधिकार प्राधिकरणाला झोपडपट्टी कायद्याच्या कलम 13 नुसार आहे, आणि 2023 पासून विकासकाने दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करावे असा दंडकही केला आहे.

मात्र विकासकाला दूर केले की एक अवघड गोष्ट घडते. त्याच्याकडून विक्रीच्या इमारतीत घरे घेतलेले लोक उघड्यावर पडतात. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने एका सोसायटी-संघाच्या प्रकरणात म्हटले, की या खरेदीदारांचा करार विकासकाशी होता, सोसायटीशी नव्हे. सबब त्यांना सोसायटीकडे घर मागता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बिनतोड आहे. परंतु त्याचा परिणाम असा, की एकाच माणसाने फसवलेले दोन समूह न्यायालयात एकमेकांच्या समोर उभे राहतात आणि फसवणारा बाजूला बसून पाहतो. ज्या ठिकाणी पक्षाची शाखा आहे तेथे या दोघांची एकत्र बैठक आधी व्हावी, वकिलाकडे नंतर जावे. जुन्या रहिवाशांना नव्या खरेदीदारांच्या पैशांची गरज असते, खरेदीदारांना रहिवाशांच्या जमिनीची. नव्या विकासकाशी बोलणी करताना दोघांचे हक्क एकाच कागदावर लिहून घेता येतात.

सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी राज्य शासनाने 2009 साली आणि सुधारून 4 जुलै 2019 रोजी निर्देश काढले. प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक हमी विकासकाकडून घ्यावी, हे त्यांतील सर्वांत उपयुक्त कलम. दुर्दैवाने हे निर्देश मार्गदर्शक आहेत, बंधनकारक नव्हेत, असेच उच्च न्यायालयाने वेळोवेळी मानले आहे. त्यामुळे निर्देशात आहे म्हणून निश्चिंत न राहता बँक हमीची अट करारातच घालून घ्यावी लागते. हमी कोणत्या बँकेची, ती कोणत्या घटनेनंतर वटवता येईल, भाडे किती महिने थकले की करार आपोआप रद्द करता येईल, हे अक्षरशः लिहून घ्यावे. विकासक ‘बघू, पुढे करू’ म्हणू लागला तर सभेने तेथेच थांबावे. घर रिकामे करण्यापूर्वी रहिवाशाच्या हाती जी ताकद असते ती कुलूप लावून किल्ली दिल्यानंतर उरत नाही.

विकासकाविना घरे होऊ शकतात, याचा दाखला त्याच गोरेगाव परिसरात आहे. मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत दिंडोशीला सुमारे सहा हजार घरे उभी केली. त्यामागे नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालील जमिनीसाठी चाललेला दीर्घ न्यायालयीन लढा होता. 1976 चा तो कायदा महाराष्ट्राने 2007 साली रद्द करून टाकला, त्यामुळे जमिनीचा तो मार्ग आज उरलेला नाही. ज्या सोसायटीपाशी स्वतःची जमीन आहे तिला मात्र सहकारी बँकेच्या कर्जावर स्वयंपुनर्विकास करता येतो, आणि शासनाने 2019 साली त्यासाठी सवलतीही जाहीर केल्या आहेत.

राहता राहिला कागदपत्रांचा विषय. खरेदीदाराने जाहिरातीचे माहितीपत्रक, प्रत्येक पावती, नोंदवलेला करार आणि महारेराच्या संकेतस्थळावरील प्रकल्पाच्या नोंदीची छापील प्रत जपून ठेवावी. बिल्डरला तेथे दर तिमाहीला प्रगती नोंदवावी लागते, ती नोंद प्रत्यक्ष बांधकामाशी ताडून पाहावी. ताब्याची तारीख संकेतस्थळावर पुढे ढकललेली दिसली तरी करारातील तारीख बदलत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पुनर्विकासातील रहिवाशाने भाडे रोखीने घेऊ नये, बँकेतूनच घ्यावे, म्हणजे कोणत्या महिन्यापासून थकले याला पुरावा राहतो. आणि भाडे थकले की सहा महिने वाट पाहत बसू नये. पहिल्याच महिन्यात सोसायटीच्या शिक्क्यानिशी लेखी नोटीस पाठवावी, तिची पोच घ्यावी, आणि त्या पोचेची एक प्रत शाखेच्या कचेरीत आणून ठेवावी.